पिनेपासून पाच फूट

“पिनेपासून धर,” तात्या म्हणाले.

मी टेपचं टोक ट्रॅक्टरच्या मागच्या, अवजार जोडायच्या पिनेला लावलं. टेप सोडत तात्या मागं मागं सरकत गेले, मागं जोडलेल्या नव्या यारीच्या आकड्याखाली थांबले, आकड्यावरून ओळंबा सोडला आणि तो जिथं टेकला तिथं फरशीवर खडूनं फुली मारली.

“पाच फूट. लिही.”

लिहायला हात मोकळा नव्हता. डाव्या हातात झोळीची दोरी होती आणि झोळीत जुई कुरकुरत होती. पाच महिन्यांची. ड्रिल मशीनशेजारच्या तुळईला तिची झोळी बांधलेली असायची. आमच्या शेडमध्ये वेल्डिंगचा आवाज तिला चालायचा, दोरी थांबलेली चालायची नाही. मी टेप पायाखाली दाबला, वही गुडघ्यावर घेतली आणि लिहिलं : आकडा, पाच फूट.

तात्या म्हणजे माझे सासरे. तीस वर्षं नांगर, कुळव, ट्रॉल्या करत आलेले. त्यांच्या शेडमध्ये प्रत्येक अवजाराचं माप पिनेपासून. नांगराचा फाळ पिनेपासून इतका, रोटाव्हेटरची फ्रेम पिनेपासून तितकी. “पिनेच्या पुढं ट्रॅक्टर, त्यो कंपनीचा,” ते म्हणायचे. “पिनेच्या मागं समदं आपलं.” लग्न होऊन मला तीन वर्षं झाली होती. मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेली सून म्हणून मला करून आणली, आणि ऑर्डरच्या वहीपाशी बसवली. तक्रार नव्हती. शेडमधल्या वस्तूंची नावं मात्र तिथं बसूनच पाठ झाली.

दोन-तीन महिन्यांपूर्वी शेवंताक्का आल्या होत्या. आमच्या बोरजाईवाडीपासून चार किलोमीटरवर त्यांची वस्ती, बावीस गाई. त्यांना घालायचा मुरवलेला हिरवा चारा, मुरघास, मोठाल्या पिशव्यांनी यायचा.

“मेस्त्री, मुरघासाची पिशवी उचलंल अशी यारी द्या करून. ट्रॅक्टरला मागं लावायची.”

“यारी विहिरीवर असती आक्का,” तात्या हसले. “ट्रॅक्टरला लावली तर ट्रॅक्टर घोड्यावानी उभा ऱ्हाईल.”

“हसू नगा. सातशे किलोची पिशवी असती. पहारीनं ढकलतो आम्ही दोघं. औंदा मालकांच्या पायावर आली. अजून लंगडत्यात. पुढच्या पिशवीला मी एकटीच हाय.”

मी झोळीआडून म्हणाले, “पुढं वजन दिलं तर नाही उभा राहणार.”

गिऱ्हाइकासमोर कामातलं मी बोललेलं ते पहिलंच वाक्य. तात्यांनी वळून बघितलं. रागावले असं वाटलं.

“किती वजन?”

“हिशेब करून सांगते.”

हिशेबाला दोन महिने लागले. जुई झोपली की जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चित्रं काढायची, उठली की बोळकं पेन्सिलीला लागायच्या आत गुंडाळून ठेवायची. खांब किती जाड, हात किती लांब, साखळी कुठली, सगळं. पुढच्या बंपरला अडकवायची काँक्रीट भरलेली लोखंडी पेटी, दीडशे किलोची.

“दीडशेच का? दोनशे का न्हाई?” तात्यांनी विचारलं होतं.

“हिशेबात दीडशे येतंय तात्या. उगाच पुढच्या चाकांवर ओझं कशाला?”

ते “बरं” म्हणाले. जन्मभर पत्रा अंगठ्यानं चाचपून माप सांगणारा माणूस. त्यांनी माझं कॅलेंडर भिंतीला खिळ्यानं ठोकलं आणि त्यात होतं तसंच्या तसं केलं. एवढंच नाही, चहाच्या टपरीवर सगळ्यांना सांगून आले, “सूनबाईनं काढलीय. मी नुसतं जोडलं.”

मला ते आईंनी सांगितलं. आई म्हणजे माझ्या सासूबाई. सांगताना त्या भाकरी थापत होत्या, वर बघितलं नाही, पण त्या दिवशीची भाकरी जरा जास्त जोरात आपटत होती.

यारी जोडायला शेवंताक्कांचा ट्रॅक्टर दोन दिवस आमच्या शेडमध्येच होता, फरशीवरची ती फुली तेव्हाचीच. पेटी लावलेली बघून त्यांनी नाक मुरडलं. “हे काय, ट्रॅक्टरला मुसकं घातल्यागत दिसतंय.” तरी घेतली. शेडमध्ये आम्ही लोखंडाची चारशे किलोची मोळी उचलून बघितली. सहज उचलली. त्याहून जड शेडमध्ये काही नव्हतं. पूर्ण भार गिऱ्हाइकाच्या दारात, नारळ फोडून, अशी तात्यांची रीतच होती.

नेण्याच्या दिवशी मी मागं राहिले. आदल्या दिवशी जुईला लस दिली होती, रात्रभर अंग गरम. आठ वाजता तात्यांनी ट्रॅक्टर बाहेर काढला, अजित, म्हणजे माझे मिस्टर, मडगार्डवर बसले. डेअरीला दूध गेलं की साडेनऊला पूजा.

“तू नाहीस म्हणजे कसं,” अजित म्हणाले.

“माझं काय काम? ती उचलणार आहे, मी नाही.”

ट्रॅक्टर गेल्यावर शेड एकदम मोठी वाटायला लागली. जुईचा ताप उतरला होता आणि तिला पालथं पडायचं होतं. ट्रॅक्टर उभा होता तिथली फरशी तेवढी झाडलेली होती, म्हणून मी तिची गोधडी तिथं अंथरली. आईंनी शिवलेली, बरोबर पाच फुटांची. शिवताना मीच टेप धरला होता. गोधडीची कड मी ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांच्या ठशांशी जुळवली, उगीच, हाताला सवय म्हणून, आणि दुसरी कड झटकून सरळ केली.

जुई लगेच पालथी झाली आणि समोर काहीतरी बघून हात मारायला लागली. मी बघितलं तर ती खडूची फुली होती. आकड्याखालची.

फुली गोधडीच्या कडेपासून लांब होती. चांगली दोन हातांवर.

मी म्हटलं, बाई, पाच फूट पुरले नाहीत, गोधडी आटली का काय. मग टेप आणला. गोधडी पाच फूटच होती. चाकापासून फुलीपर्यंत मोजलं. साडेसात.

मी तिथंच बसले. पाच फूट पिनेपासून होते. पण ट्रॅक्टर पुढून उचलला गेला तर तो पिनेवर फिरत नाही. तो फिरतो मागच्या चाकांच्या आसावर. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाच्या मुलालासुद्धा हे येतं. मला येत होतं. दोन महिने मी हिशेबात आकडा पाच फुटांवर धरला, वहीतही तेच लिहिलं, आणि ते पाच फूट कुठून हे एकदाही विचारलं नाही, कारण आमच्याकडं माप पिनेपासूनच असतं.

पेन्सिल घेऊन फरशीवरच हिशेब केला. सातशे किलो, साडेसात फूट. पुढं दीडशेची पेटी. पुढची चाकं जमिनीवर टिकत नव्हती. थोडक्यात, पण टिकत नव्हती.

घड्याळात नऊ वाजून दहा मिनिटं.

अजितना फोन लावला. रिंग झाली, माझ्या पाठीमागं. फोन वाइसच्या बाजूला चार्जिंगला लावलेला होता. तात्या फोन बाळगत नाहीत.

“आई!”

माझ्या आवाजानं आई पिठाच्या हातांनीच धावत आल्या. “काय झालं? पोरगी पडली?”

“नाही. माझं चुकलंय. यारीचं. ट्रॅक्टर मागं उलटेल.”

एवढंच. मला वाटलं त्या विचारतील, कसं चुकलं, आता लोक काय म्हणतील, टपरीवर सगळ्यांना सांगून आलेत हे. त्यांनी पदराला हात पुसले आणि जुईला उचललं.

“स्कुटी काढ. मी हिला घेऊन मागं बसते.”

“तुम्ही कधी बसलाय स्कुटीवर?”

“आज बसते की. काढ आधी.”

चार किलोमीटर मला कधी एवढे लांब लागले नव्हते. आई एका हातानं जुईला आणि दुसऱ्या हातानं माझ्या खांद्याला धरून बसल्या होत्या, आणि प्रत्येक खड्ड्याला “अगं हळू” आणि प्रत्येक सरळ रस्त्याला “अगं चल की” म्हणत होत्या. ओढ्याच्या वळणावर मी म्हणाले, “आई, तात्यांना काय सांगू?”

“जे हाय ते. त्यांना दुसरं काय कळत न्हाई.”

वस्तीच्या फाटकातून शिरलो तेव्हा ट्रॅक्टरचं तोंड आमच्याकडं होतं आणि पिशवी हवेत होती.

उचललेली होती! माझ्या जिवात जीव आला. एवढी मोठी पांढरी पिशवी, छातीच्या उंचीवर, साखळीला शांत लटकलेली, आणि ट्रॅक्टर चारी चाकांवर. मला वाटलं, म्हणजे मीच वेड्यासारखी, आता परत चुकले. मग पुढं बसलेली माणसं दिसली.

चौघं होती. दोघं पेटीवर, दोघं बॉनेटला टेकून बंपरवर. अजित, शेजारच्या वस्तीवरचे सुभानभाई आणि हणमा, आणि आक्कांचे दीर. आमच्याकडं ट्रॅक्टर चिखलात रुतला, चढावर उचलायला लागला, की चार माणसं पुढं बसवतात, त्यात कुणाला नवल वाटत नाही. माझी यारी माझ्या पेटीवर उभी नव्हती. ती या चौघांवर उभी होती.

तात्या सीटवर पूर्ण मागं वळून बसले होते, डोळे पिशवीवर, हात लिफ्टच्या दांड्यावर. पुढं काय चाललंय ते त्यांना दिसणार नव्हतं. यारी चालवणाऱ्याला कधीच दिसत नाही. आणि मागं शेवंताक्का आरतीचं ताट घेऊन पिशवीला अगदी खेटून उभ्या होत्या, तिला हळदीकुंकू लावत. त्यांचे मालक लंगडत लंगडत पुढं आले, हातात पेढ्यांचा पुडा.

“घ्या रं पोरांनो, तोंड गोड करा!”

हणमानं पेढ्यासाठी खाली उडी मारली.

“उतरू नका!” मी ओरडले. इंजिनाच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नाही. सुभानभाईंचा एक पाय जमिनीकडं निघाला होता. मी स्कुटी टाकली आणि पळाले. “अहो! कुणी उतरू नका! बसून राहा!”

अजितनी मला बघितलं. काय ते त्यांना कळलं नसणार, पण त्यांनी डाव्या हातानं सुभानभाईंची कॉलर धरली आणि उजव्यानं आक्कांच्या दिरांचा दंड. “बसा! हलू नका!”

मी पुढच्या टायरकडं बघत होते. भार असला की टायर जमिनीपाशी जरा चपटा असतो. तो चपटेपणा माझ्या डोळ्यांदेखत कमी झाला. टायर गोल झाला. जमिनीवर होता, पण नुसता टेकलेला.

“हणमादादा, परत बसा. सावकाश. दणका देऊ नका.”

“पेढा...”

“बसून खा!”

तो बसला. टायर पुन्हा चपटा झाला. मी मागं धावले, पण माझ्याआधी आई तिथं पोचल्या होत्या. आक्का अजून पिशवीपाशीच. मी ओरडले असते तर त्या दचकून तिथंच खिळल्या असत्या. आई लांबूनच म्हणाल्या, अगदी लग्नघरात बोलावं तशा, “शेवंताबाई, आवो पिशवीचं राहू द्या, आमच्या पोरीला कुंकू लावा आधी. धरा बघू हिला, माझा हात अवघडलाय.”

पाच महिन्यांचं मूल कुणी पुढं केलं तर कोणती बाई नाही म्हणते? आक्का ताट घेऊन चार पावलं बाजूला आल्या. सुटल्या.

“तात्या,” मी सीटजवळ जाऊन म्हणाले, “खाली घ्या. हळू. झटका नको.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि दांड्याची मूठ घट्ट धरली. दांडा केसाएवढा केसाएवढा सरकवत ती पिशवी त्यांनी जमिनीवर अशी टेकवली की आवाज आला नाही. साखळी सैल पडली. इंजिन बंद झालं, आणि गोठ्यातल्या गाईंचा रवंथ ऐकू यायला लागला.

सगळे माझ्याकडं बघत होते. मी म्हणाले, “तात्या, चुकलं माझं.”

“कुठं?”

“माप पिनेपासून धरलं. आसापासून धरायला हवं होतं. अडीच फूट कमी धरलं मी. ही माणसं उतरली असती तर...”

तात्या खाली उतरले. टोपी काढली, उकिडवे बसले, काडीनं मातीत दोन चाकं काढली, पीन काढली, आकडा काढला. मग काडीचं टोक पिनेवर टेकवलं.

“पिनेपासनं धर म्हणालं कोण?”

“तुम्ही. पण हिशेब माझा होता.”

“स्टेरिंग हलकं लागलं हुतं मला,” ते मातीकडं बघत म्हणाले. “शेडमधी ती मोळी उचलली तवाच. म्हणून तर हितं चौघं बसवली.”

“मग बोलला का नाही?”

त्यांनी काडी मोडली. “किती हलकं ते सांगता येईना. तुझ्याकडं आकडा हुता. माझ्याकडं नुस्ता हात. आकड्यापुढं हातानं काय बोलायचं?”

दोन महिने मी धरून चालले होते की ह्या माणसाचा माझ्यावर विश्वास नाही, तो कमवायचाय. तो होता. इतका होता की तीस वर्षं कुणाचं न ऐकलेला हात माझ्या वहीपुढं गप्प बसला होता.

“बोलायचं तात्या,” मी म्हणाले. “हात हलकं म्हणाला की मला सांगायचं. किती ते मी काढीन. आणि माणसं नाही बसवायची. तुम्ही मागं बघत असता, पुढचा कधी उतरला तुम्हाला दिसत नाही.”

त्यांनी मान वर केली. हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं हे त्यांच्या चेहऱ्यावरच दिसलं. त्यांनी पुढं बसलेल्या आपल्या मुलाकडं बघितलं, मग जुईला घेऊन उभ्या असलेल्या आक्कांकडं.

“न्हाई सुचलं ते,” एवढंच म्हणाले. टोपी परत घालायला त्यांना दोनदा प्रयत्न करावा लागला.

“म्हंजे यारी न्हाई व्हायची का?” आक्कांनी विचारलं. जुईनं त्यांच्या कपाळावरचं कुंकू आपल्या तळहाताला लावून घेतलं होतं.

“होईल,” मी म्हणाले. “पुढं अजून दोनशे किलो लागेल. मोठं मुसकं.”

“असू दे बाई. मुसक्याला रंग तेवढा चांगला द्या.”

तेवढ्यात पुढून आवाज आला. अजितचा, अगदी नम्र.

“इंजिनियरबाई, आता उतरलं तर चालंल का? हणमाच्या पायाला मुंग्या आल्यात.”

चौघंही अजून बसलेले होते. पिशवी कधीची जमिनीवर होती, पण कुणी उतरायला सांगितलं नव्हतं म्हणून हातात पेढा धरून तसेच बसले होते. मला हसू यायला लागलं आणि ते थांबेना, मग त्यातच रडू आलं, आणि आई म्हणाल्या, “घ्या, आता हिला पेढा द्या कुणीतरी.”

जुई आता सहा वर्षांची आहे. धाकटा झोपलाय तेवढ्यात हे लिहितेय. तशा एकवीस याऱ्या आमच्या शेडमधून गेल्या, आणि प्रत्येकीच्या पेटीवर तात्या स्वतःच्या हातानं रंगवतात : पुढे माणूस बसवू नये. शेवंताक्कांच्या दारात तिसऱ्या दिवशी पिशवी परत उचलली, तेव्हा पुढं कुणी नव्हतं. मी टायरजवळ उभी होते. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. उचलली, फिरवली, ठेवली. टायर चपटाच राहिला.

मला आठवत राहते ती चूक सापडली त्याच दिवशीची दुपार. आम्ही ट्रॅक्टर परत आणला. तात्यांनी तो शेडच्या दाराशीच बंद केला, टेप घेतला आणि आत आले. या वेळी टेपचा डबा त्यांनी माझ्या हातात दिला आणि टोक आपल्याकडं ठेवलं.

“कुठनं धरू?”

मी फरशीवर चाकाचा ठसा दाखवला. सकाळची गोधडी तिथं तशीच होती, आणि येऊन दूध पिऊन जुई तिच्यावर आडवी झोपली होती, कुंकवानं माखलेली मूठ तोंडाशी. ठशावरची कड नेमकी तिच्या खाली दबली होती.

मी तिला उचलायला वाकले.

“ऱ्हाऊ दे,” तात्या हळू आवाजात म्हणाले. “माप कुठं पळून चाललंय?”

आणि टेपचं टोक तसंच चिमटीत धरून ते तिच्या शेजारी फरशीवर बसले.